व्हॅल्युएशनची परीक्षा देऊन आत शिरावं, की वेळीच बाहेर पडावं? (सांगली)

कुपवाडचा_सिव्हिल

नमस्कार मंडळी. बी.ई. सिव्हिल, वय २९, राहणार कुपवाड. विश्रामबागेत एका जुन्या व्हॅल्युअर सरांकडं, म्हणजे कर्जासाठी बँकेला मिळकतीची किंमत काढून देणाऱ्यांकडं, पाच वर्षं होत आलीत. सही सरांची, पळापळ माझी. बँकेचा मेल आला की पार्टीला फोन लावायचा, गाडी काढायची, लेझरनं मापं घ्यायची, चतुःसीमा खरेदीखताशी ताडून बघायच्या, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला "इकडं गुंठा कसा चाललाय" म्हणून विचारायचं आणि संध्याकाळी ऑफिसात रिपोर्ट टाइप करायला बसायचं. सर चष्मा वर करून वाचतात, दोन ठिकाणी लाल पेनानं गोल मारतात, दर थोडा खाली घ्यायला लावतात आणि सही करतात. असं चाललं होतं.

आता काय झालंय बघा. एका बँकेनं स्वतःचं ॲप दिलंय. फोटो त्यातूनच काढायचा, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप पडते. याला माझी ना नाही. काही जण गाडीतून न उतरताच रिपोर्ट द्यायचे, ते तरी बंद झालं. पण बाकीची माहिती यादीतून निवडायची. मिरजेत एक घर बघितलं: पुढं आरसीसी, मधली खोली दगड-मातीची, मागं पत्रा. ॲप विचारतं, बांधकामाचा प्रकार? एकच निवडा. खाली शेरा लिहायला चौकट आहे, तिच्यात धड दोन वाक्यं मावत नाहीत.

दुसरीकडं एक फायनान्स कंपनी आहे. फ्लॅट असेल आणि कर्ज लहान असेल तर त्यांच्याकडं व्हिजिटच नाही. दर त्यांचा संगणक काढतो, कुठल्या तरी एजन्सीचा पोरगा फोटो टाकतो आणि सरांनी खुर्चीत बसून 'मान्य' किंवा 'अमान्य' करायचं. फी जुन्या फीच्या चौथाई. अमान्य केलं तर कारणं लिहायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुम्हीच सांगा, कोण करणार अमान्य?

आणि तिसरीकडं नेमकं उलटं. सर नवीन आंतरराष्ट्रीय मानकांच्या शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून मोठ्या मिळकतीच्या रिपोर्टात हाच दर का धरला, हीच पद्धत का घेतली, माहिती कुठून आली, काय तपासता आलं नाही, सगळं लिहायचं. रिपोर्ट दुप्पट जाड झालाय. एकाला माझं डोकं नकोय, दुसऱ्याला ते कागदावर उतरवून हवंय.

सर सत्तरीला टेकलेत. म्हणतात, "माझं झालं. तू परीक्षा दे, रजिस्ट्रेशन घे, पॅनल सांभाळ." पॅनल म्हणजे बँकेची मान्य व्हॅल्युअरची यादी. घरी वडिलांचं म्हणणं, मेहुण्याबरोबर कंत्राटं घे, चार पैसे दिसतील. बायको म्हणते काहीही कर, पण ठरव.

तर प्रश्न असा: पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या कामात माणसासाठी काय उरणार आहे? आणि अमेरिकेत म्हणे अप्रेझर लोकांना, म्हणजे तिकडच्या व्हॅल्युअरना, घरी बसवायला लागलेत, ते कितपत खरं?

साताऱ्याचा_क्रेडिटवाला

मी टेबलाच्या पलीकडचा. साताऱ्यात कर्ज विभागात आहे. बँक विचारू नका.

यंत्राचा आकडा अचूक असतो म्हणून बँकांना आवडतो, असा समज असेल तर तो काढून टाका. तो लवकर येतो आणि त्याला ओळखीपाळखी नसतात, एवढंच. गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंतचं असेल तर ८० टक्के आणि त्यावरचं असेल तर ७५ टक्के देता येतं. पार्टीला २९ लाख हवे असतात, त्यामुळं घराची किंमत ३२-३३ लाखांच्या आसपास 'यावी' लागते. ती कशी येते हे तुमच्या सरांनाही ठाऊक असेल आणि मलाही. वरच्या ऑफिसनं हे रिपोर्ट एकत्र ठेवून बघितले तेव्हा मागणी आणि किंमत यांची जोडी इतकी छान जुळत होती की कोणाला तरी संगणक आणायची बुद्धी झाली. निम्मं काम आपल्याच लोकांनी घालवलंय.

आता दुसरी बाजू. आमच्याकडं जावळी-महाबळेश्वर पट्ट्यातली प्रकरणं येतात. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. बंगला दिसतो झकास, फोटो झकास, दरी झकास. सातबाऱ्यावर जमीन शेतीची, बांधकामाची परवानगी शोधून सापडत नाही. कोयनेच्या पुनर्वसनातली जमीन निघाली तर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकायलाच परवानगी लागते. संगणकानं अशा एका बंगल्याला जो आकडा काढला तो बघून आमचे मॅनेजर खूश होते. पॅनलवरच्या व्हॅल्युअरनं दोन ओळीत लिहून दिलं की ही मिळकत जप्त करून विकायला गेलात तर ग्राहक मिळणार नाही. प्रकरण तिथंच थांबलं. त्या दोन ओळींना आम्ही नेहमीचीच फी दिली, हे मात्र लिहितानाही बरं वाटत नाही.

पुढं व्हॅल्युअर कमी लागतील, हे धरून चाला.

गावभागातला

कशाला डोकं शिणवताय? सांगलीत जागेचा भाव एजंट ठरवतो, व्हॅल्युअर फक्त टाइप करतो. यंत्रानं टाइप केलं म्हणून काय बिघडलं?

आयर्विन_ताई

गावभागातले, तुम्ही म्हणताय तसे टायपिस्ट आहेत, आणि त्यांचं काम जाणार यात मला वाईट वाटत नाही. पण प्रश्न त्या पोराचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सांगलीतच हे काम करते, वालचंदची सिव्हिल, बँकांची पॅनलं आहेत, कोर्टाचीही कामं असतात.

कुपवाडकर, आधी जे जाणार आहे ते जाऊ द्या. रेराला नोंदलेली नवी इमारत, एकसारखे फ्लॅट, शेजारच्या मजल्यावरचे चार दस्त इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात, दिसतात. तिथं तुम्ही टेप लावून काय मोठं सांगणार? ते काम यंत्राकडं जाईल, बरंचसं गेलंय. त्याच्यामागं धावून फी पाडून घेण्यात अर्थ नाही.

पण यंत्राला खायला काय घालतात ते बघा. त्याला मिळतात नोंदवलेले दस्त. आपल्याकडं दस्तात कोणता आकडा असतो? मुद्रांक शुल्क रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेली, किंमत आणि दस्तातली रक्कम यातलं जे जास्त त्यावर लागतं. दस्तातली रक्कम रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेली की प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. म्हणून दस्त रेकनरला चिकटून होतात. खरा भाव वर असेल तर वरचे पैसे कागदावर येत नाहीत. खरा भाव खाली असेल तरी कागदावर रेकनरच, कारण कमी दाखवून कोणाचाच फायदा नाही. यंत्र हे हजारो दस्त वाचतं आणि शेवटी आपल्याला रेडी रेकनरच परत वाचून दाखवतं, फक्त रंगीत आलेखासकट.

२०१९ च्या पुरानंतरचं सांगते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. त्यानंतर काही गल्ल्यांत खरे व्यवहार रेकनरच्या खाली झाले, हे मला विकणाऱ्यांनीच सांगितलंय, पण दस्त काढून बघाल तर तसं काही घडलेलं दिसणार नाही. २०२१ ला परत पाणी आलं. आता त्या गल्लीतला तळमजला आणि दुसरा मजला यंत्र एकाच दरानं मोजतं. मी गेले की आधी जिन्याखालचा मीटरचा पत्रा उघडून आतून बघते. बाहेरून रंग सगळे देतात, आतून कोणी देत नाही, पाण्याची रेघ तिथं राहते. मग संडासाच्या दाराची खालची फळी, मग देव्हारा कुठं आहे ते. पुराचं पाणी बघितलेल्या घरात देव्हारा आणि फ्रीज दोन्ही उंचावर चढलेले असतात. मग निळी रेषा-लाल रेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाची लाल. मिळकत निळीच्या आत असेल तर उद्या पाडून पुन्हा बांधता येईल का, हा प्रश्न किमतीत धरायलाच हवा. नकाशावर रेषा सगळ्यांनाच दिसते. पण ती या प्लॉटच्या कुठल्या कोपऱ्यातून जाते, ते मोजणी नकाशा हातात धरून जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गुंठेवारीचं, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनींचं, तर विचारूच नका. शामरावनगरसारख्या भागात तुम्ही फिरलाच असाल. गट एक, त्यात खरेदीखतं ढीगभर, सातबाऱ्यावर सामाईक नावं. ॲपमधले अक्षांश-रेखांश अगदी बरोबर असतात हो, पण गहाण पडतोय तो तुकडा हाच का पलीकडचा, हे उपग्रह कसं सांगणार? दस्तात लिहिलेलं असतं 'पूर्वेस खासगी रस्ता', आणि पूर्वेला बघावं तर कोणाची तरी भिंत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचा दाखला आहे का, असला तर त्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळतं का, हे बघणं म्हणजे आपलं काम. आणि काळी माती! जोत्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी गेलेली भेग एजन्सीच्या पोराच्या फोटोत कधी येत नाही, कारण त्याला दर्शनी फोटो काढायला सांगितलेलं असतं.

हरिपुरात एकदा एक प्लॉट होता. कागद स्वच्छ, रस्त्याला लागून. शेजारच्या आजोबांनी सहज सांगितलं की इथं हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, होती. २००५ च्या पुरात हरिपूर-सांगलीवाडीकडची बरीच पेवं कामातून गेली, पुढं काही बुजवली, काही नुसती झाकली. जमिनीखाली माणूस उतरेल एवढी पोकळी असेल तर पायाचा खर्च कुठल्या कुठं जातो. कुठल्याही उताऱ्यावर याची नोंद नव्हती. रिपोर्टात मी लिहिलं: चाचणी खड्डे घेतल्याशिवाय बांधकामयोग्य जमिनीचा दर धरता येणार नाही.

आता मानकांबद्दल. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांची नवी आवृत्ती ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तुमचे सर ज्या शिबिराला गेले ते बहुधा त्याचंच असणार. आपल्या २०१७ च्या नोंदणीकृत व्हॅल्युअर नियमांत ही मानकं वापरायला मुभा आहे. त्यात माहिती आणि तिचे स्रोत यावर वेगळं प्रकरण आहे आणि मॉडेलवर वेगळं. मॉडेलच्या प्रकरणात सरळ म्हटलंय की व्हॅल्युअरनं स्वतःची व्यावसायिक समज वापरल्याशिवाय कुठलंही मॉडेल, अगदी स्वयंचलित मूल्यांकनाचंसुद्धा, मानकाला धरून मूल्यांकन देऊ शकत नाही. ही ओळ छापून टेबलावर लावा. फायनान्स कंपनी 'मान्य'चं बटण दाबायला सांगते तेव्हा ती तुमच्याकडून हीच समज चौथाई फीमध्ये विकत घेत असते.

दुसरं म्हणजे अस्वीकरणं. पूर्वी रिपोर्टाच्या शेवटी बारीक अक्षरात दोन पानं असायची, आम्ही यासाठी जबाबदार नाही, त्यासाठी जबाबदार नाही. दिवाळखोरी मंडळानं, म्हणजे आपल्या नोंदणीच्या प्राधिकरणानं, २०२० मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. मर्यादा लिहा, पण त्यांच्याआड लपून मूळ जबाबदारी झटकू नका, असा त्याचा रोख. जाड रिपोर्टाचा कंटाळा मलाही येतो, खोटं कशाला बोलू? पण कारण लिहायला लागतं म्हणून तर जागेवर गेलेला माणूस लागतो.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. तुम्ही पाच वर्षं सरांच्या हाताखाली वणवण केलीत म्हणून तुम्हाला भिंत बघून कळतं. आता व्हिजिट एजन्सीकडं, दर संगणकाकडं. मग पुढचा शिकणार कुठं? फोटो काढणाऱ्या त्या पोराला कोणी सांगत नाही की मीटरचा पत्रा उघड. दहा वर्षांनी सही करायला परवाना असलेली माणसं असतील, पण पेव म्हणजे काय हे त्यांना विचारायला नको.

बाहेर पडू नका असं माझं मत. परीक्षा द्या.

रात्रपाळी_खराडी

मूळचा वाळव्याचा, सध्या पुण्यात. अमेरिकेतल्या अप्रेझर लोकांचे रिपोर्ट इथून भरून देणाऱ्या कंपनीत रात्रपाळी करतो, म्हणून तिकडचं विचारलंत त्यावर लिहितो. ओहायोतल्या घराला तळघर आहे का हे वाळव्याचा माणूस खराडीत बसून भरतो, हीसुद्धा ऑटोमेशनचीच एक पायरी समजा.

तिकडं घरांच्या कर्जाचा मोठा हिस्सा पुढं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन कंपन्या बँकांकडून विकत घेतात, त्यामुळं रिपोर्टाचा साचा तेच ठरवतात. आतापर्यंत स्वतंत्र घराला १००४, फ्लॅटला १०७३ असे वेगवेगळे फॉर्म होते, २००५ सालचे. ते सगळे जाऊन एकच नवा रिपोर्ट येतोय, मिळकतीप्रमाणं त्याचे भाग उघडतात-मिटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडक लोकांसाठी सुरू झाला, २६ जानेवारी २०२६ पासून सगळ्यांसाठी खुला आणि २ नोव्हेंबर २०२६ पासून सक्तीचा. घराच्या अवस्थेला सी-१ ते सी-६ आणि दर्जाला क्यू-१ ते क्यू-६ अशा श्रेणी आधीही होत्या. आता आतल्या बाजूची वेगळी, बाहेरची वेगळी, आणि शेवटी एकूण. लांबलचक परिच्छेद कमी, सुटे सुटे रकाने जास्त. रकान्यातली माहिती यंत्राला वाचता येते, हेच त्यामागचं कारण. आमच्या टीमला याचं प्रशिक्षण चालू झालं तेव्हा निम्म्यांनी विचारलं, मग टायपिंगला माणसं किती लागणार? उत्तर कोणी दिलं नाही.

घरी बसवतायत का? काही कर्जांना अप्रेझलच लागत नाही, आधीच्या माहितीवरून किंमत मान्य होते. काहींना कोणी तरी जाऊन माहिती गोळा करतो आणि अप्रेझर खुर्चीतून किंमत लिहितो. कुपवाडकर, तुमच्या फायनान्स कंपनीनं शोधून काढलेलं नवीन काही नाही.

पण यंत्रावर आंधळा विश्वास ठेवून तिकडं हातही पोळलेत. झिलो नावाची मोठी कंपनी स्वतःच्या गणितावर घरं विकत घेऊन परत विकायची. किमतींचा अंदाज सांभाळता येईना म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी तो धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सहा सरकारी संस्थांचा नियम लागू झालाय की गृहकर्जात स्वयंचलित मॉडेल वापरणाऱ्यांनी त्याची गुणवत्ता तपासायची, मुद्दाम फिरवलेल्या आकड्यांपासून ते राखायचं, नमुने काढून चाचणी घ्यायची, भेदभाव होत नाही हे बघायचं.

ताई म्हणाल्या तो शिकण्याचा घोळ तिकडं जुनाच आहे. साध्या परवान्यालासुद्धा जाणत्याच्या हाताखाली हजार तास भरावे लागतात, आणि जाणते लोक शिकाऊ घेतच नाहीत, कारण बँक शिकाऊच्या व्हिजिटला तयार नसते. म्हणून आता संगणकावर सराव करून तास भरायची सोय काढलीय. आमचे एक क्लायंट आहेत, साठी उलटलेले. नव्या रिपोर्टाला वैतागून घरांचं काम सोडतो म्हणाले. आता फक्त वारसा आणि घटस्फोटाच्या प्रकरणांतली मूल्यांकनं करतात. तिथं बँक नाही, ॲप नाही, वकील फोन करतो. मला वाटतं ते आधीपेक्षा खूश आहेत.

कुपवाडचा_सिव्हिल

सगळ्यांचे आभार. ताई, मीटरच्या पत्र्याचं उद्यापासून चालू करतो.

दोन शंका आहेत. बँकेचं काम निम्म्यावर आलं तर ऑफिसचं भाडं आणि माझं घर कशावर चालायचं? आपल्याकडं वारसा-घटस्फोटाला व्हॅल्युअर कोण बोलावतंय? दुसरी शंका त्या 'मान्य'च्या बटणाची. सरांना सोडता येत नाही, कंपनी जुनी आहे. उद्या मला सही करायला लागली तर कशी करू?

आयर्विन_ताई

पहिल्याचं उत्तर: बोलावतात हो, तुम्ही बँकेच्या मेलची वाट बघत बसल्यामुळं दिसत नाही. भावाभावांच्या वाटपाची कामं सांगली-तासगाव पट्ट्यात बारा महिने असतात. द्राक्षबागेचं वाटप करायचं म्हणजे नुसता एकराचा दर सांगून भागत नाही. वेली किती वर्षांच्या, मांडव लोखंडी का कसला, शेततळं कोणाच्या वाट्याला, पाइपलाइन कोणाच्या बांधातून, पाणंद राहते का. थकीत कर्जात बँक गहाण मिळकत विकते तेव्हा नियमानं आधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत घ्यावी लागते. दिवाळखोरीच्या प्रकरणात दिवाळखोरी मंडळाकडं नोंदलेलाच लागतो, तिथं सरांचं जुनं प्राप्तिकराचं रजिस्ट्रेशन चालत नाही. महामार्गाच्या भूसंपादनात मोबदला कमी पडला म्हणून भांडणारे शेतकरी आहेत, त्यांना कोर्टात टिकेल असा रिपोर्ट हवा असतो. उलटतपासणीत वकील विचारतो, "तुम्ही स्वतः जागेवर गेला होता का?" त्यावर एकच उत्तर चालतं.

आणि सगळ्यात चालू काम म्हणजे १ एप्रिल २००१ ची किंमत. त्याआधीचं वडिलोपार्जित घर कोणी विकलं की भांडवली नफ्यासाठी त्या तारखेची किंमत धरता येते. जुलै २०२४ मध्ये दर साडेबारा टक्के होऊन महागाई निर्देशांकाचा लाभ गेला, तेव्हा लोकांना वाटलं हे कामच संपलं. संपलेलं नाही. २००१ ची किंमत अजूनही धरता येते, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-घरासाठी इथल्या रहिवाशांना जुन्या वीस टक्क्यांच्या हिशेबाशी तुलना करायची सोय आहे. दोन्ही हिशेबांत सुरुवात तुमच्या आकड्यापासून. फक्त त्या तारखेचा मुद्रांकाचा दर उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही, हे पार्टीला आधीच सांगा, नाहीतर फी देताना तोंड वाकडं करतात.

दुसऱ्याचं: बटण दाबायचंच असेल तर सोबत एक कागद जोडून मेल करा. मी जागा पाहिलेली नाही, फोटो अमुक एजन्सीचे आहेत, दर तुमच्या मॉडेलनं दिलाय, मी त्या भागातल्या अमुक अमुक दस्तांशी तो पडताळला, पूररेषा आणि गुंठेवारी दाखला तपासलेला नाही. यावर अस्वीकरणामागं लपताय असं कोणी म्हणू शकत नाही, कारण काय केलं आणि काय केलं नाही ते तुम्ही नेमकं सांगताय. कंपनीला आवडणार नाही. मी असं लिहायला लागल्यावर एका ठिकाणचं काम बंद झालं, आणि एका ठिकाणाहून उलट फोन आला की या पाच प्रकरणांत व्हिजिट करा, पूर्ण फी देतो. शिवाय निळ्या रेषेच्या आसपासचा तळमजला असेल तर सरळ अमान्य करा आणि कारण लिहा, पैसे मिळोत न मिळोत.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या सरांकडं जुने रिपोर्ट आहेत का? १९९८ ते २००३ च्या आसपासचे? २००१ साली त्या प्लॉटवर काय उभं होतं, किती चौरस फूट, कौलं होती का स्लॅब, हे आज कोणाच्याच सर्व्हरवर नाही.

साताऱ्याचा_क्रेडिटवाला

ताईंचा तो कागद जोडायचा मुद्दा बरोबर आहे. ऑडिटला असा कागद सापडला की आधी घाम आमच्या वरच्यांना फुटतो. करा.

कुपवाडचा_सिव्हिल

ताई, आहेत की. माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेत, सरांच्या अक्षरातली मापवहीसुद्धा, आतल्या स्केचसकट. दिवाळीच्या आधी ऑफिस साफ करायचं म्हणून सरांनी रद्दीवाल्याला रविवारी बोलावलंय.

आयर्विन_ताई

रद्दीवाल्याला आजच फोन करा. मग सरांना. नंतर स्कॅनर घ्या, गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरनं यादी करा. परीक्षेआधीचा पन्नास तासांचा कोर्स त्यानंतर लावला तरी चालेल, पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र मात्र सर आहेत तोवर लेटरहेडवर घेऊन ठेवा, तारखांसकट.